डबलची चादर आणि स्कॉटलंडचे डोंगर

स्कॉटलंडच्या डोंगरांतून पाठीवर बिऱ्हाड घेऊन पहिल्यांदाच चालायला निघणाऱ्यांना सल्ला देणारे जगात फार आहेत. त्यांचे व्हिडिओ मी उन्हाळाभर पंख्याखाली बसून पाहिले. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, ओझं कमी करा. टॉवेलऐवजी रुमाल घ्या, दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापा. मी आज्ञाधारक माणूस आहे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो आहे. दांडी कापली. मग बायकोनं त्याच सॅकच्या तळाशी सोलापुरी डबलबेडची चादर घातली.

तिचं कारण तसं सरळ होतं. आमची मुलगी ग्लासगोला नोकरी करते. तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं मनात आणलं होतं. मी नेहमीप्रमाणे म्हणालो की त्याला घेऊन ये, बघू. त्यावर ती म्हणाली की पोहे खाताना माणूस कळत नाही, तुम्ही इकडे या आणि आठवडाभर आमच्याबरोबर डोंगरातनं चाला. पुढचं मात्र तिनं सावकाश सांगितलं. "तुमी न्हाय म्हणालात तर मी हे लग्न करणार न्हाय, अण्णा. पण मग माझ्यासाठी दुसरं स्थळबी बघायचं न्हाय."

असा पेच घालणारी मुलगी कुणाची, असं बायकोला विचारायची सोय नव्हती.

बायकोचा गुडघा धड नाही, त्यामुळे स्थळ बघायचं काम माझ्या एकट्यावर आलं. सोलापुरात सत्काराला शाल नसली तरी चालते, चादर लागते. गणपती मंडळाच्या अध्यक्षापासून नव्या जावयापर्यंत सगळे आमच्याकडे चादरीनंच मोठे होतात. बायको माढ्याकडची, तिच्या सूचना थोडक्यात असतात. "पोरगा पटला तर ही त्याच्या खांद्यावर घाला. न्हाय पटला तर गुमान परत आणा. फोटोत लई उंच दिसतोय, म्हणून डबलची घेतलीय." मी ओझ्याबद्दल बोलायला लागलो, तर तिनं चादर दुकानाच्या प्लॅस्टिकसकट आणखी एका जाड पिशवीत बांधली आणि गाठ मारली. वाद संपला.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी सराव करावा असंही सांगतात. करावा की. सोलापुरात डोंगर शोधायचा झाला तर रेल्वेच्या पुलाला नमस्कार करावा लागतो. मी सॅकमध्ये दहा किलो ज्वारी भरून आमच्या इमारतीचे जिने चढायला लागलो. शेजाऱ्यांनी आधी लिफ्ट बंद आहे का विचारलं, मग पिठाची गिरणी गच्चीवर गेली का विचारलं. तलावाभोवती फिरणाऱ्या माझ्या मित्रमंडळींनी, ज्यांच्यापैकी कुणी कधी टेकडी चढलेली नाही, मला थंडीबद्दल पुष्कळ मार्गदर्शन केलं. त्यातल्या एकानं छातीला वर्तमानपत्र बांधायला सांगितलं. बूट नवे कोरे घेतले आणि खराब होऊ नयेत म्हणून निघायच्या दिवसापर्यंत खोक्यात ठेवले. नव्या बुटांचं काय करायचं नसतं ते दाखवायचं असेल, तर माझ्या टाचांचे फोटो मुलीकडे आहेत.

मुलगा विमानतळावर आला होता. उंच होताच, शिवाय कमी बोलणारा. नोकरी तिथल्या पाणीपुरवठा खात्यात. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्यामुळे या खात्याबद्दल माझी काही मतं आहेत. पण जिथं आभाळच रोज, न मागता, दिवसातून अनेक वेळा पाणी सोडतं, तिथं हे खातं नेमकं काय करत असेल असं मी त्याला विचारलं. तो बराच विचार करून म्हणाला की पाऊस आमच्या खात्याकडे नाही. उत्तर मला आवडलं. ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

ग्लासगोच्या वेशीवरून आम्ही उत्तरेकडे निघालो. पुढं मुलगी, मध्ये मी, मागं तो. तिथल्या निसर्गाचं वर्णन करायला हवं, पण निसर्ग बहुतेक वेळ ढगात होता. डोंगरावर चढलो की आपण कुठं आलो हे पाटी वाचून समजतं आणि खाली उतरलं की मागे वळून बघायचं, तेव्हा नेमकं वर लख्ख ऊन पडलेलं असतं. पाऊस तिथं वरून येत नाही, बाजूनं येतो. तो थांबला की चिलटं येतात. आपल्याकडे डास निदान कानाशी येऊन कळवतात तरी. ही चिलटं थेट कामाला लागतात. दलदलीत पाय गुडघ्यापर्यंत जायचा आणि मुलगा मागून शांतपणे म्हणायचा की इथं जरा ओलं आहे.

मी चालता चालता त्याची चौकशी करत होतो. आपल्या पद्धतीनंच, आई-वडील, घर, शेती, व्यसन. शेती नाही म्हणाला. व्यसन विचारल्यावर त्यानं खिशातली छोटी बाटली काढून घेणार का म्हणून मला आधी विचारलं. त्या प्रसंगाचा अहवाल मी घरी पाठवलेला नाही. मी त्याच्यात खोट शोधत होतो आणि एक सापडलीही. सकाळी तो ओटची पेज खायचा आणि त्यावर माझी शेंगाचटणी घालायचा. कडक भाकरी सोडून पेजेवर चटणी! मुलीला मी एकीकडं घेऊन हे सांगितलं. ती म्हणाली, एवढंच सापडलं का?

एवढंच सापडलं होतं, हेच दुखणं होतं. मला नाही म्हणायचं होतं. का, ते मला तेव्हाही नीट माहीत होतं. तो वाईट असता तर मुलगी परत आली असती. ती आता तिथलीच होणार, सणावाराला फोनवर दिसणार, आणि आमच्या घरातली तिची खोली कायमची पाहुण्यांची होणार. हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. सॅकचं वजन कसं कमी करायचं तेवढं सांगतात.

मग तो माळ आला. मोठा, उघडा, एक झाड नाही. आमच्याकडचे माळ पाहिलेल्या माणसाला माळाचं काय भ्या, असं मी सकाळी म्हणालो होतो. मुलीनं पावसाळी पँट घालायला सांगितली, मी नको म्हणालो. आत सुती बनियन, वर सुती शर्ट. सोलापूरचा माणूस सुताला सोडून कुठं जाणार? दुपारी वारा सुटला, पाऊस आडवा झाला आणि एक ओढा ओलांडताना मी सॅकसकट पाण्यात बसलो. उठून म्हणालो की काही झालं नाही. पुढं बराच वेळ मी काही झालं नाही असंच म्हणत होतो. त्यानंतर, मुलगी सांगते, मी त्या दोघांना मराठीत अर्जित रजेचे नियम समजावून सांगायला लागलो आणि थंडीनं माझी जीभ जड होत होती.

मुलानं तिथंच तंबू ठोकला. मला आत घेतलं. माझी स्लीपिंग बॅग काढली तर ती पिळावी अशी भिजलेली. सॅकला आतून घालायचं प्लॅस्टिक मी वजन कमी करायला घरीच ठेवलं होतं. त्यानं माझे ओले कपडे उतरवले, बूट काढले, मोजे काढले आणि आपल्या कोरड्या स्वेटरनं माझे पाय पुसायला लागला. एक एक बोट पुसत होता, टाचांचे फोड सांभाळून. आमच्याकडे लग्नात मुलीच्या बापानं जावयाचे पाय धुवायचे असतात. मला हे त्याला सांगायचं होतं, पण दात वाजत होते.

मग काही कोरडं मिळतंय का म्हणून त्यानं माझ्या सॅकच्या तळापर्यंत हात घातला. गाठ मारलेली पिशवी निघाली. त्यानं दातानं गाठ सोडली, दुकानाचं प्लॅस्टिक फाडलं आणि ती डबलची, लाल-निळ्या फुलांची, कोरडी ठणठणीत चादर उलगडून माझ्या खांद्यावर घातली. नीट घातली. दोन्ही खांदे झाकले, पुढं आणून टोकं जुळवली, वर एक वेढा दिला. मंडळाच्या अध्यक्षालाही इतकी व्यवस्थित कुणी घातली नसेल.

मुलगी स्टोव्हवर चहा करत होती. तिनं वर बघितलं आणि तिचा हात थांबला. ती हसायला लागली, मग तिचे डोळे भरून आले. मुलानं विचारलं काय झालं. तिनं त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं, ही चादर कुणासाठी होती, कुणी कुणाच्या अंगावर घालायची होती आणि घातली की त्याचा अर्थ काय.

तो बिचारा एकदम लाल झाला. आपल्या हातून काहीतरी फार मोठा आगाऊपणा झाला असं त्याला वाटलं असणार. त्यानं माझी माफी मागितली आणि चादर परत काढून घ्यायला हात पुढं केला, म्हणजे मला ती रीतसर घालता येईल.

मी दोन्ही हातांनी चादर छातीशी घट्ट धरली. म्हणालो, "राहू दे. झालं."

त्याला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं हात मागं घेतला. मुलीला येत होतं. ती स्टोव्ह विसरली आणि चहा उतू गेला.

फोनला रेंज आली ती दुसऱ्या दिवशी, खालच्या गावात. बायकोनं माझी तब्येत विचारली नाही. चादर घातली का, ते विचारलं.

मी घातली म्हणालो. कुणी कुणाला, हे तिनं विचारलं नाही आणि मीही घाईनं सांगितलं नाही. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उंच हाय पोरगा. पुरली का?"

मुलगा समोरच बाकावर बसून माझ्या बुटांतलं पाणी ओतत होता.

"पुरली," मी म्हणालो.