विमानातली एकदाणी

आमच्या घराण्यात लग्नाला मुहूर्त पाहत नाहीत, कूलर पाहतात.

हे मी थट्टेने सांगत नाही. आम्ही बौद्ध. पंचांगाशी आमचा संबंध आजोबांच्या काळातच सुटला, त्यामुळे तारीख कुठलीही चालते. पण आमच्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दोनशे माणसं मांडवाखाली जेवायला बसवायची म्हणजे त्यांना जिवंत परत पाठवायची जबाबदारी आपल्यावर असते. आणि सगळ्या नातेवाइकांत मांडव गार करील असा कूलर एकच, तो माझ्याकडे. लोखंडी पत्र्याचा, माझ्या छातीइतका उंच, गल्लीतल्या वेल्डरसमोर उभं राहून मापं देऊन करून घेतलेला. सुरू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्याचं नाव विमान. घरात कार्य निघालं की आधी मला फोन येतो, "भाऊ, विमान कवा मोकळं हाय?" मी डायरी काढतो, घसा साफ करतो आणि तारीख देतो. निवृत्त मुख्याध्यापकाला एवढाच अधिकार उरतो.

यंदा विमानाची तीन उड्डाणं ठरली होती. पहिलं वडशाला, माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या नातीचं नामकरण. तिथून परस्पर अहेरीला, माझे साडू विजयभाऊ यांचा गृहप्रवेश. आणि शेवटी परत चंद्रपूरला, बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या मुलाचं, निखिलचं लग्न.

विमान वडशाला रवाना झालं त्या दिवशी सकाळी मी स्वतः गाडीवर दोर आवळून बांधला, ड्रायव्हरला चार सूचना दिल्या (तीन अनावश्यक होत्या) आणि घरात येऊन चहा मागितला. शकू, म्हणजे आमची गृहमंत्री, लग्नाच्या सामानाची यादी करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आवो, आईची एकदाणी कुठी ठेवली तुम्ही? उजळून आणा लागन."

चहा माझ्या हातात होता. तो तिथेच राहिला.

आता एकदाणीचं सांगायला हवं. माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाचा रोवणा केला. गुडघाभर चिखलात वाकून. ज्या वर्षी चार पैसे उरायचे त्या वर्षी ती सोन्याचा एक मणी घ्यायची. ज्या वर्षी नाही उरायचे त्या वर्षी आहेत तेवढे मोजून परत बांधून ठेवायची. अशी ती एकदाणी झाली. स्वतः तिने ती कधी घातली नाही. जाताना मला जवळ बोलावून म्हणाली, "माह्या नातसुनेच्या गळ्यात घालजो." बस, एवढंच. दुसरं काहीच मागितलं नाही तिने आयुष्यात माझ्याकडे.

आणि ही एकदाणी मी कूलरमध्ये ठेवली होती.

हसू नका, त्यामागे विचार होता. डिसेंबरात आम्ही आठ दिवस निखिलकडे पुण्याला जाणार होतो. गल्लीत त्या महिन्यात दोन घरफोड्या झालेल्या. शकू म्हणाली, बँकेत ठेवा. मी म्हणालो, मी पस्तीस वर्षं पोरांना अक्कल शिकवली, मला चोराने शिकवायची गरज नाही. चोर कपाट उघडतो, तांदळाची कोठी उपसतो, गाद्या फाडतो. पण हिवाळ्यात चादर गुंडाळून पडलेल्या कूलरच्या टाकीत कोण हात घालतो? शिवाय वरची कडी म्हणजे, एकदाणी मी खर्ऱ्याच्या पन्नीत बांधली. आमच्या भागात सुपारी-तंबाखू-चुना घोटून जी पुडी मिळते ती खर्रा; तिची प्लास्टिकची पन्नी, वर रबर. चोराला सापडलीच तर कुणाचा तरी उरलेला खर्रा म्हणून सोडून देईल. या कल्पनेवर मी इतका खूश होतो की परत आल्यावर ती बाहेर काढायची असते हेच विसरलो.

"सुरक्षित जागी आहे," मी शकूला म्हणालो.

"मंग झालं," ती म्हणाली आणि यादीवर खूण केली.

खरं सांगून टाकायला तेव्हा एक क्षण होता. मी तो चहाबरोबर गिळला. कारण खरं सांगायचं म्हणजे आधी कूलर सांगावा लागला असता, मग बँकेचं भांडण, आणि शेवटी पन्नी. ही पन्नी फार वाईट. मी तीस वर्षं खर्रा खाल्ला, एकीकडे शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ देत. डॉक्टरांनी तोंडात टॉर्च घालून पाहिल्यावर घाबरून सोडला आणि सगळ्यांसमोर आईच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली. अशा माणसाच्या घरात खर्ऱ्याची पन्नी आली कुठून? (खिशातून. ती शेवटची होती. खरंच शेवटची होती.)

दुसऱ्या दिवशी मी नामकरणाच्या दोन दिवस आधीच वडशाला हजर झालो. सुनंदा दारातच थबकली. हा भाऊ कार्याला नेहमी जेवणाच्या वेळी येतो आणि कूलरच्या झोतात खुर्ची टाकून बसतो, हे तिला ठाऊक. मी पिशवी ठेवली आणि म्हणालो, कूलरचं पाणी यापुढे मी भरणार.

आणि भरलं. उन्हाने अंगणातली फरशी चपलेतूनही भाजत होती आणि मी बादल्या वाहत होतो. एक बादली ओतायची, मग पाणी किती झालं ते पाहायच्या निमित्ताने टाकीत खांद्यापर्यंत हात घालायचा आणि चाचपायचं. शेवाळ लागलं, गवताचे पुंजके लागले, एकदा एक बेडूक लागला. पन्नी लागेना. नातेवाईक मात्र गहिवरले. मामा म्हातारपणी किती बदलले, असं आपसांत बोलू लागले. मी उपासकासारखा मंद हसत पुढची बादली आणायला जायचो.

नामकरणाच्या दिवशी घाईत चप्पल घालायची राहिली. लोखंडी कूलरला अनवाणी असताना हात लावू नये, हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. त्रिसरण झालं, पाळण्याभोवती बायका जमल्या, नाव सांगणार म्हणून सगळे गप्प झाले, आणि मला करंट लागला. मी काय ओरडलो ते आठवत नाही. पण सुनंदाच्या व्याह्यांनी ते ऐकून नातवंडांचे कान झाकले. मुलगी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही, आणि तिचं नाव काय ठेवलं ते अर्ध्या पाहुण्यांना अजून माहीत नाही.

त्या धसक्याने माझा बांध फुटला. सुनंदाला बाजूला घेऊन विचारलं, कूलरमध्ये तुला एखादी पन्नी दिसली का?

"कायची पन्नी?"

"खर्ऱ्याची."

मग तिचे डोळे भरून आले. "दादा, आईच्या फोटोवर हात ठेवला होता ना तू?"

मी म्हणालो, तसं नाही, त्यात खर्रा नाहीच आहे. खर्ऱ्याच्या पन्नीत खर्रा नाही, हे वाक्य आमच्या जिल्ह्यात कुणीही कुणाचं मानलेलं नाही. वर मी आणखी घोळ केला. म्हणालो, शकूला सांगू नको. त्यासरशी तिला जे काय समजायचं होतं ते समजलं. मी बादल्या का वाहत होतो, हात टाकीत का होता, सगळ्याचा उलगडा झाला. भाऊ बहिणीच्या घरी तलफ लपवायला कूलर वापरतो!

विमान अहेरीला गेलं, त्याच्या मागे मी. आणि माझ्याही आधी सुनंदाचा फोन.

बहिणीच्या कार्याला शकू चंद्रपूरहून परस्पर आली होती. विजयभाऊंचं नवीन घर छान झालं होतं, पण मला त्याचा कूलर लावलेला कोपराच तेवढा आठवतो. तिथेही मी पाणी भरायला लागलो. फरक एवढाच की आता कुणी गहिवरत नव्हतं. मी टाकीत हात घातला की बायका एकमेकींकडे बघायच्या आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्यायच्या. एका भाच्याने मला मोबाइलवर व्यसनमुक्तीचं एक भाषण ऐकवलं. भाषण चांगलं होतं. मी निवृत्त होण्याआधी तेच शाळेत द्यायचो.

दुपारी सगळे जेवून लवंडल्यावर विजयभाऊंनी मला खुणेने घरामागच्या आंब्याखाली बोलावलं. इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तुमी जे शोधून राह्यले, ते हाय माह्याजवळ."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारलीच. साडू असावा तर असा, म्हणालो, तुम्ही माझी अब्रू वाचवली, आईचा आत्मा, म्हणजे आपण आत्मा मानत नाही, पण तुम्ही समजून घ्या. ते म्हणाले, मी समजतो, मी स्वतः खातो. आणि माझ्या तळहातावर पन्नी ठेवली. तशीच पन्नी, तसंच रबर. रबर तोडूनच मी ती उघडली. आत ताजा घोटलेला खर्रा होता.

आणि तेवढ्यात मागच्या दारातून शकू आली.

तिने माझ्याकडे पाहिलं, पन्नीकडे पाहिलं, विजयभाऊंकडे पाहिलं. तेव्हा ते आंब्यावर किती कैऱ्या आहेत हे पाहू लागले होते.

"चालू द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिचे सगळे राग पाहिले आहेत. हा त्यांतला नव्हता. त्यामुळे मी जास्तच घाबरलो. परतताना ती बसने आली आणि मी विमानाबरोबर, गाडीच्या मागच्या हौद्यात बसून. आष्टीपर्यंत मी कूलरच्या तिन्ही जाळ्या काढल्या, गवत उपसलं, पंप सोडवला, टाकी उलटी केली. गवत वाऱ्याने मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर गेलं, त्याने मला दोन किलोमीटर शिव्या दिल्या. टाकीत काही नव्हतं. मी त्या रिकाम्या पत्र्याला टेकून बसलो आणि, आता लपवून काय करायचं, रडलो. आई एकेक मणी कसा तळहातावर घेऊन बघायची ते आठवत होतं. तिच्या चिखलातल्या वर्षांचं मी माझ्या हुशारीपायी वाटोळं केलं होतं.

लग्नाच्या दिवशी मी ठरवलं की आता शकूला सांगायचं. मांडवात पाहुणे येऊन बसले होते, निखिल आणि सूनबाई पांढऱ्या कपड्यांत मंचावर, भन्तेजी येऊन बसलेले. शकू पुढच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स. मी तिच्या कानाशी वाकलो. "शकू, मला तुला एक सांगायचं आहे."

"आंधी पाणी भरा," ती म्हणाली. "विमान सुकं चालून राह्यलं."

मी भरलं. काय करणार, सवय झाली होती. शेवटची बादली ओतून वळलो तर विधी आटोपला होता, दोघांनी एकमेकांना हार घातले होते आणि शकू मंचावर चढत होती. मी बादली घेऊनच मागे धावलो. तिने पर्स उघडली. आतून खर्ऱ्याची पन्नी काढली. रबर काढलं, पन्नी उलगडली आणि आईची एकदाणी, उजळून लख्ख केलेली, सूनबाईच्या गळ्यात घातली.

मग रिकामी पन्नी माझ्या हातात दिली. "हे तुमचं."

कसं, कधी, कुठे, असं काहीतरी पुटपुटलो.

"होळी झाल्यावर," ती म्हणाली. "कूलर धुतला तवा."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"मी विचारलं ना, कुठी ठेवली म्हणून. तुमी म्हणले सुरक्षित हाय. मी म्हटलं, हाय तर हाय." मग कूलरकडे पाहत म्हणाली, "बत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाले. या कूलरची टाकी दरसाल कोन धुते, हे एकदा तरी ध्यानात आलं असतं त तुमाले पयल्याच दिवशी समजलं असतं ती कोनाजवळ हाय."

आईच्या मण्यांसाठी रडू येत होतं, शकूसाठी येत होतं, आणि थोडं माझ्या दंडासाठीही, कारण बादल्यांनी तो केव्हाचा ठणकत होता.

फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला. तो आता आमच्या बैठकीत भिंतीवर लावला आहे. मधे सूनबाई, गळ्यात एकदाणी. बाजूला शकू, प्रसन्न. आणि कडेला मी, एका हातात बादली, दुसऱ्या हातात खर्ऱ्याची रिकामी पन्नी, डोळ्यांतून धारा. आलेला प्रत्येक पाहुणा त्यासमोर थांबतो, पाठीवर हात ठेवतो आणि समजूतदारपणे म्हणतो, "सुटन, भाऊ, हळूहळू सुटन." मी मान डोलावतो आणि कूलरमध्ये पाणी घालायला जातो.