आक्काची सायकल एकटीच पुढं गेली

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता. आणि यात खोटं काही नाही बरं का. माझी फजिती मीच सांगतो, म्हणजे गावाला तिखटमीठ लावायला जागा राहत नाही!

आमच्या गावच्या पेठेत, हायवेला लागून, माझं वेल्डिंगचं दुकान आहे. माझी थोरली बहीण, आक्का, गावात ब्लाऊज शिवते. लहानपणी पोलिओनं तिचे पाय गेले. कुबड्यांवर चार पावलं टाकते, त्यापुढं नाही. पण हात? तिनं कान पिरगाळला की दोन दिवस ऐकू येत नाही!

तिच्यासाठी मी एक सायकल बनवली. तीन चाकं. पेडल पायानं नाही, हातानं मारायचं, छातीसमोर. सीट भंगारातल्या ट्रॅक्टरची. बाजूला कुबड्या अडकवायला दोन कड्या, मागं भलंमोठं कॅरिअर. हँडलला वडिलांच्या कळपातल्या, सगळ्यांच्या पुढं चालणाऱ्या मेंढ्याची घंटी. आमचं घराणं मेंढरांचं. मेंढरं गेली, घंटी तेवढी राहिली.

एक दिवस आक्कानं फोन माझ्या नाकासमोर धरला. पुण्यात रविवारी सकाळी तऱ्हेतऱ्हेच्या सायकलींचा मेळा. रस्ता गाड्यांना बंद, फक्त सायकलींची फेरी!

"नाम्या, मला जायचंय."

"आक्का, तिथं लई भारी सायकली येत्यात."

"मंग आपली काय हलकी हाय? दोघांना उचलत न्हाई."

मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "पर एक अट हाय. त्या दिशी मला कुणी उचलायचं न्हाई. मेंढरांमागं फिरताना घोड्यावर काय असायचं? भांडी, कोंबड्यांचं डालगं, आन मी. मंग शाळेला तुज्या पाठीवर. मंग एसटीत. जलमभर सामान झाले बघ मी. त्या दिशी मी चालवणार. तू मागनं चालायचं."

मी शब्द दिला. म्हणालो, "आक्का, हात लावणार न्हाई."

लक्षात ठेवा हा शब्द.

त्या रविवारी शेजाऱ्याचा पिकअप मेथी घेऊन निघाला होता. त्यानं आम्हाला सायकलीसकट पिंपरीच्या बाजूला मेट्रोपाशी सोडलं. परतीलाही तिथूनच घेणार होता. पुढं मेट्रोनं जायचं ठरलं. आम्ही दोघंही मेट्रोत पहिल्यांदाच.

दारातल्या गार्डनं सायकलीला एक प्रदक्षिणा घातली. "हे काय आहे? सायकल की व्हीलचेअर?"

आक्का म्हणाली, "मी बसले की खुर्ची, उतरले की सायकल. तुमच्या कागदात काय बसतंय ते लिवा."

तो हसला, त्यानं स्वतः लिफ्ट दाखवली. काय ती लिफ्ट! आमच्या दुकानापेक्षा स्वच्छ.

वर गाडीला वेळ होता. ट्रॅक्टरच्या सीटनं कंबर धरली म्हणून आक्का घटकाभर बाकावर सरकून बसली. कुबड्या सायकलीला अडकवलेल्या. तेवढ्यात गाडी आली. दारं उघडली. आणि राव, माझ्या अंगात एसटी स्टँड शिरला!

आता तुम्हीच सांगा, एसटी लागली की आपण काय करतो? आधी खिडकीतून टॉवेल टाकतो. जागा धरली, सामान चढवलं, की मग सावकाश म्हातारी माणसं आणायची. ड्रायव्हर चहा पिऊन येईपर्यंत गाडी हलते का? मी तेच केलं. सायकल आत ढकलली, ब्रेकला फडकं बांधलं, शेजारच्या सीटवर लाल टॉवेल पसरला आणि झोकात बाहेर आलो.

"चल आक्का, जागा धरली!"

मागं टुंई टुंई वाजलं. वळून बघतो तर दारं बंद. मी काचेवर थापा मारतोय, "ओ भाऊ! थांबा! माणूस ऱ्हायलंय!" आतली माणसं माझ्याकडं बघतायत. सायकल निघाली. कुबड्या निघाल्या. टॉवेल निघाला. प्लॅटफॉर्मवर राहिलो आम्ही दोघं, आक्का बाकावर आणि मी गाढवासारखा उभा.

आक्का रिकाम्या रुळांकडं बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं हो!

गार्ड धावत आला. त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. तिकडून शेवटच्या स्टेशनातला माणूस म्हणाला, "एक बेवारस सायकल आली आहे. तीन चाकी. सोबत कोणी नाही."

"आमचीच ती!" मी ओरडलो.

"ओळख काय?"

मी चेसिसपासून सुरुवात केली, पाऊण इंची पाइप, एवढे जॉइंट... आक्कानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "हँडलला घंटी हाय. वाजवा."

त्यानं वाजवली. फोनमधून तो आवाज आला, टण्‌ण, जरा चिरका. आक्कानं डोळे मिटले. "आमचीच हाय," ती हळूच म्हणाली.

गार्ड म्हणाला, "व्हीलचेअर मागवतो. दहा-पंधरा मिनिटं लागतील." पण मेळा निघायला अर्धाच तास होता आणि पुढची गाडी समोर येत होती. आक्कानं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"उचल," ती म्हणाली. "आन तोंड उघडू नको."

मी तिला पाठीवर घेतलं. शाळेत न्यायचो तशी. तेव्हा मला ती कधी जड वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली, वजनानं नाही, दिलेल्या शब्दानं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गाडीत एका पोरीनं उठून जागा दिली, आक्का खिडकीबाहेर बघत बसली. मी समोर उभा. तोंड बंद.

शेवटच्या स्टेशनात सायकल टेबलाशेजारी ऐटीत उभी होती, कॅरिअरवर टॉवेलाची नीट घडी. तिथला माणूस म्हणाला, "काका, गाडी भरली तरी त्या टॉवेलावर कोणी बसलं नाही हं."

पुण्यात! पुण्यात माझ्या टॉवेलाला मान मिळाला! मी खूश होणार होतो, तेवढ्यात आक्कानं बघितलं. मी खूश होणं रहित केलं.

त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं. सामानाचं वर्णन, स्थिती, सही. मी लिहिलं: सायकल, नग एक. स्थिती: सुस्थितीत.

आक्का सायकलवर बसली, स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर पोचलो तेव्हा मेळा निघून गेला होता. रस्त्यावर नुसते झेंडे आणि रिकामे पाण्याचे ग्लास. मी फुटपाथवर बसलोच. "आक्का, चुकलं माझं. लई चुकलं."

हेल्मेट घातलेली एक पोरगी ग्लास गोळा करत होती. तिनं सायकल बघितली आणि हातातले ग्लास टाकून पळत आली. "मावशी! ही कुणी बनवली? जा ना तुम्ही, रस्ता अजून तासभर बंद आहे!"

आक्कानं पदर खोचला. पेडलला हात घातला. सायकल हलली. मी सवयीनं कॅरिअर धरून मागं पळायला लागलो.

"नाम्या, हात सोड."

सोडला. ती गेली. सरळ, काळ्याभोर रस्त्यानं, ना चढ ना खड्डा, घंटी वाजवत. माझा हात मात्र तसाच पुढं धरलेला. पुढून मेळा परत येत होता. कुणी झोपून चालवतंय, कुणी दोघं मिळून एकच सायकल मारतायत, एक जण तर माडीवर बसल्यासारखा. त्यांनी आक्काला बघितलं आणि सगळेच्या सगळे तिच्यासोबत उलटे फिरले! घंटीवाला मेंढा पुढं आणि मागं सगळा कळप. वडील असायला हवे होते. मी रडलो, लपवत नाही.

आता वाटलं असेल की संपलं. थांबा, फजिती राहिलीय.

परतीला आक्का सायकलवरून उतरलीच नाही. आमच्या उतरायच्या स्टेशनापर्यंत थेट गाडी होती. गाडी आली, तिनं स्वतःच चाकं फिरवून आत नेली. मी मागोमाग चढणार, तोच आठवलं, टॉवेल! बाकावर जागा धरायला टाकलेला! अहो, सवय! पळत गेलो, टॉवेल उचलला, वळलो...

टुंई टुंई.

काचेतून आक्का हसताना दिसली. फोन तिच्या पिशवीत, पाकीट तिच्या पिशवीत. थोड्या वेळानं गार्ड आला. "नामदेव तुम्हीच का? पलीकडून फोन आहे. लाल टॉवेल, तोंड हरवलेल्या कोकरासारखं, असं वर्णन दिलंय."

पुढच्या गाडीत त्यानं मला हाताला धरून बसवलं. उतरलो तर आक्का टेबलापाशी रजिस्टर मागून लिहीत होती, आणि सकाळचा गार्ड पोट धरून हसत होता. मी वाकून वाचलं.

सामानाचं वर्णन: भाऊ, नग एक.

स्थिती: पैल्यापासून अशीच.

खाली सही केली, पेन ठेवलं आणि मला म्हणाली, "बस मागं कॅरिअरवर. आन मी म्हणेस्तोवर उतरू नको."