त्याच्या वतीनं

त्या जून महिन्यात आम्ही मायलेक तीन कॉलेजं बघून आलो आणि तिन्ही ठिकाणी बोलले मी एकटीच. मुलगा शेजारी उभा असायचा, माझ्यापेक्षा हातभर उंच, छातीशी फाईल धरून. प्रवेश त्याचा, गुण त्याचे, विचारायचं तेही त्यालाच. पण खिडकीपलीकडचा माणूस माझ्याकडं बघून उत्तरं द्यायचा, कारण पहिलं वाक्य मी बोलून टाकलेलं असायचं.

मुलगा अडखळत बोलतो. चार वर्षांचा असल्यापासून. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर अडकून बसतं, मान ताठ होते, डोळे मिटतात आणि मग कधीतरी शब्द सुटतो. कधी दोन सेकंदांत, कधी पंधरा. लहानपणी मी त्याला शहरातल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडं न्यायचे. त्यांनी त्याला व्यायाम दिले आणि मला एकच गोष्ट सांगितली. त्याचा शब्द तुम्ही पुरा करायचा नाही, त्याच्याकडं बघत नुसतं थांबायचं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गात मी थांबते. धडा वाचताना एखादी पोरगी अडली तर बाकीच्यांना गप्प बसवून तिला वेळ देते. घरी मात्र ते पंधरा सेकंद मला कधी सोसले नाहीत. किराणा दुकानात, एसटीत, पाहुण्यांसमोर, त्यानं तोंड उघडलं की माझं सुरू व्हायचं. आपण त्याला मदत करतोय, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे तो अडला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते मला बघवायचं नाही.

बारावीला त्याला चांगले गुण पडले. इंजिनिअरिंगची सीईटी त्यानं दिली होतीच. तिच्या जोडीला पाच वर्षांच्या लॉची सीईटीही तो देऊन आला होता, हे आम्हाला निकाल लागल्यावर कळलं. त्याचे वडील एसटीत मेकॅनिक. तेव्हा ते गडहिंग्लजच्या डेपोत होते आणि सुट्टीपुरते घरी यायचे. ते एवढंच म्हणाले, "दिलीया न्हवं त्यानं? मग जाऊन बघून तर या की." पण मला हसू आलं होतं. ते मी पदरात दाबलं आणि भांडी घासायला गेले. त्यानं ते बघितलं की नाही, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

वकिलीचं त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते मला माहीत होतं. आमच्या अपार्टमेंटमध्ये गाड्या लावण्यावरून वर्षभर तंटा चालला होता. यानं सोसायटीचे नियम वाचून काढले आणि कुणाला न सांगता दीड पानांचा अर्ज लिहून चेअरमनच्या हातात दिला. पुढच्याच आठवड्यात खाली पांढरे पट्टे मारले गेले. त्या अर्जाचं कौतुक मी शाळेत सगळ्या बाईंना सांगितलं. पण अर्ज लिहिणं वेगळं आणि कोर्टात उभं राहणं वेगळं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

पहिलं कॉलेज कोल्हापुरातलंच, इंजिनिअरिंगचं होतं. तिथं तो मुकाट्यानं माझ्या मागून फिरला आणि "बरं आहे" म्हणाला. दुसरं इचलकरंजीचं, वस्त्रोद्योगाचं इंजिनिअरिंग शिकवणारं. तिथं एका शेडमध्ये माग चालू होते. दार उघडल्याबरोबर असा आवाज अंगावर आला की माझे कान बधिर झाले. आतला कामगार "पावणं, ह्या बाजूनं या" म्हणत होता, ते त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं. मुलगा त्याच्यापाशी गेला, मागाकडं बोट दाखवून काहीतरी विचारायला लागला. आणि मी बघत राहिले. त्याचे ओठ अडत नव्हते. मान ताठ होत नव्हती. त्या धडधडीत तो एकामागून एक वाक्यं बोलत होता, कामगार त्याच्या कानाशी ओरडून उत्तर देत होता आणि दोघं हसत होते. तो काय बोलला, त्यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर कानांत शिट्टी वाजत होती आणि तो म्हणाला, "आ... आत मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. म्हणून असेल." त्याचा चेहरा फुलला होता.

त्या आनंदाचा मी लगेच दाखला करून ठेवला. परतीच्या एसटीत माझ्या मनात ठरूनही गेलं की हीच याची जागा. त्याला नुसती एक गंमत सापडली होती. मी तिच्यावर त्याची चार वर्षं बेतून मोकळी झाले.

तिसरं कॉलेज पुण्यातलं, लॉचं. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. कराडला चहा घेतला, तेव्हा तो फाईलमधला एक कागद काढून पुन्हा पुन्हा वाचत होता. त्यावर त्यानं विचारायचे प्रश्न लिहिले होते. मी तो कागद मागितला, त्यानं दिला नाही.

कॉलेजच्या खिडकीशी मी सवयीनं म्हणाले, "जरा विचारायचं होतं, इकडूनच विचारतो की." कोल्हापुरात आम्ही बायका असं पुरुषांसारखंच बोलतो. खिडकीतल्या मुलीनं माझ्याकडं दोनदा बघितलं आणि आत एका सरांकडं पाठवलं. साठीला आलेले असावेत, बारीक, पांढऱ्या मिशांचे. ते माझ्याकडं न बघता मुलाकडं बघून म्हणाले, "बोला." तो कागद खिशातच ठेवून त्यानं तोंड उघडलं. पहिलं अक्षर अ होतं. अ, अ, अ. डोळे मिटले. सर हातातलं पेन खाली ठेवून थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना कीव ना घाई. ते बघून तरी मला थांबता यायला हवं होतं. मी म्हणाले, "अडचण येईल का, असं विचारतोय तो. बोलण्याची."

त्यानं डोळे उघडले. तोंड मिटलं. सरांनी त्याला विचारलं, हेच विचारायचं होतं का? त्यानं फाईल छातीशी धरली. मग सरांनी शिपायाला हाक मारली आणि याला आपलं अभिरूप न्यायालय, मुलांच्या सरावाचं कोर्ट, दाखवून आणा म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर मी खुर्ची पुढं ओढली आणि सगळं सांगत सुटले. चार वर्षांचा असल्यापासूनचं. शाळेत पोरं कशी चिडवायची, तोंडी परीक्षेत गुण कसे गेले, एकदा एसटीत गावाचं नाव सांगता येईना म्हणून कंडक्टर कसा वैतागला. एवढं सगळं त्याला न विचारता मी एका परक्या माणसासमोर ओतलं. शेवटी विचारलं, असा मुलगा वकील होईल का?

सर शांतपणे म्हणाले, "अडखळणारे वकील मी कोर्टात पाहिलेत, ताई. न्यायाधीश थांबतात. थांबत नाहीत त्या तुम्ही, एवढं मला आत्ता दिसलं. त्याला आत पाठवा. मला त्याच्या एकट्याशी बोलायचंय, मी इथंच बसलोय."

मी "बरं" म्हणून उठले. माझे कान तापले होते. सतरा वर्षं मी त्याच्यासाठी काय काय केलं, हे या माणसाला काय ठाऊक, असं मनात घोळत होतं. जिन्यापाशी मुलगा समोरून आला, भराभर चालत. आत वकिलांसाठी खरीखुरी जागा केलेली होती म्हणे, आणि शिपायानं त्याला तिथं उभं राहू दिलं होतं. त्यानं विचारलं, "स... सर काय म्हणाले?"

"अवघड आहे म्हणाले," मी म्हणाले. "त्यांना आता मीटिंगला जायचंय."

दोन वाक्यं. दोन्ही खोटी, आणि दोन्ही अगदी सहज निघाली, जिभेला कुठं अटकाव झाला नाही. त्यानं माझ्या खांद्यावरून त्या बंद दाराकडं बघितलं, मान हलवली आणि "बरं" म्हणाला. गाडीत मी चपाती आणि शेंगदाण्याची चटणी काढून दिली. त्यानं खाल्ली. साताऱ्यापर्यंत मी त्याला इचलकरंजीच्या मागांविषयी सांगत होते.

लॉच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. त्यानं ती जागा घेतली नाही. इचलकरंजीला प्रवेश घेतला, रोज सकाळच्या एसटीनं जाऊ लागला आणि पहिल्या वर्षी चांगला पास झाला. मी सगळ्यांना सांगत होते की त्यानं स्वतःच निवडलं. घरात मात्र तो फार कमी बोलू लागला होता. आतल्या खोलीतून मला मोबाईलवर मेसेज यायचा, चहा आहे का. मी ते अभ्यासाच्या नावावर ढकलत राहिले.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि एका रविवारी त्याचे वडील घरी असताना तो जेवण झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसला. मोबाईल पुढं केला. त्यानं त्या सरांना मेल लिहिली होती. तुम्ही आईला अवघड आहे म्हणालात, तर नक्की काय अवघड आहे, ते सांगाल का. वर्षभर सराव केला तर चालेल का. आणि त्या दिवशी मला विचारायचं होतं ते एवढंच, की अभिरूप न्यायालय पहिल्या वर्षापासून असतं का. खाली सरांचं उत्तर होतं. मी असं काहीही म्हटलं नव्हतं. मी तुम्हाला आत बोलावलं होतं. संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत वाट पाहिली. न्यायालय पहिल्या वर्षापासून असतं.

त्याच्या वडिलांनी ते वाचलं, मोबाईल खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिले. मुलगा बोलायला लागला. वेळ लागला. मी कधी नव्हे ते गप्प बसले, पण तेव्हा माझ्याजवळ बोलायला काही नव्हतंच.

"सर थांबले होते, आई," तो म्हणाला.

मी म्हणाले, "मला वाटलं, लोक हसतील तुला."

"लोक ह... हसतात. रोज हसतात. ते मला माहीत आहे. तुलाही तसंच वाटतं, हे मा... माहीत नव्हतं."

एवढं बोलून तो उठला आणि ताट घासायला टाकून बाहेर गेला. त्याच्या वडिलांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "लई वाईट केलंस बघ." आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. ते मला असं कधी बोलले नव्हते आणि त्यानंतरही बोललेले नाहीत.

पुढं मी जे केलं, ते सांगायची मला जास्त लाज वाटते. चूक दुरुस्त करायची म्हणून मी दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागले. पुण्यातल्या दोन कॉलेजांना शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन केले, वर्ष न गमावता इकडून तिकडं जाता येतं का ते विचारलं, पुढच्या सीईटीची माहिती काढली, त्याचे सगळे दाखले झेरॉक्स करून नवीन फाईल लावली. आठवड्याभरानं ती फाईल त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, इचलकरंजी सोड, आम्ही दोघं तुझ्या पाठीशी आहोत.

त्यानं फाईल उघडून एकेक कागद बघितला. मग बंद केली. त्यानं सांगितलं ते असं, की हेही त्याचं वाक्य परत मीच पुरं करतेय. त्याला मागांचा विषय आवडायला लागलाय, तिथं त्याला चार मित्र मिळालेत, ते तो बोलत असताना थांबतात. पदवी पुरी करून मग तीन वर्षांचं लॉ करायचं की नाही, ते तो बघेल. आत्ता सोडलं तर ते मला बरं वाटावं म्हणून सोडल्यासारखं होईल. या सगळ्याला त्याला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही. मध्ये दोनदा शब्द माझ्या ओठांवर आला. एकदा मी तो बोललेही, आणि तो चुकीचा निघाला.

त्या दिवाळीत तो एकटा पुण्याला जाऊन सरांना भेटून आला. काय बोलणं झालं ते त्यानं वडिलांना सांगितलं. मला कळलं ते वडिलांकडून, आणि तेही थोडंच.

आता तो शेवटच्या वर्षाला आहे. लॉच्या पुस्तकांचा एक गठ्ठा त्याच्या टेबलावर आहे, आणि एका कापड गिरणीत मुलाखतीचं बोलावणंही आलंय. दोन्हींतलं काय, ते त्यानं सांगितलेलं नाही. आमच्यात भांडण नाही. तो माझ्याशी नीट बोलतो, जेवताना शेडमधल्या गमती सांगतो, माझी गाडी दुरुस्तीला नेऊन आणतो. पण कुठं काही विचारायचं असलं की तो मला घेऊन जात नाही.

त्या सरांना पत्र लिहायचं माझ्या मनात आहे. तीन-चारदा लिहायला बसले. दर वेळी दोन पानं होतात, आणि वाचून बघितलं तर ती सगळी मुलाविषयीच असतात. तो कसा आहे, त्याला काय वाटलं असेल, त्याला काय हवंय. मी काय केलं, ते त्यात एका ओळीतही नसतं. मग मी ती फाडून टाकते.