शेवटचा फर्मा

खळमावशीच्या हातांना तीस वर्षं पिठाच्या खळीचा वास होता. साबणानं गेला नाही, लग्नानं गेला नाही, नवरा गेला तरी वास काही गेला नाही, असं ती स्वतःच हसत सांगायची. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा, हे तिचं काम. सगळ्यात जास्त फाटून यायच्या त्या प्रेमाच्या कादंबऱ्या. "जाडजूड पुस्तकं कपाटातच म्हातारी होतात," ती म्हणायची, "ह्या बिचाऱ्या उशीखाली झिजतात." शाळा चौथीपर्यंतच झालेली; पण खळ वाळेपर्यंत वाचून वाचून तिनं शेकडो लग्नं लावली होती.

हाताखाली बहिणीची मुलगी होती, एकोणीस वर्षांची. रेडिओ दिवसभर चालू. गाण्यातला तो नको म्हणणारीच्या मागे मागे फिरायचा आणि तिसऱ्या कडव्यात ती लाजायची. मावशी सुई ओढता ओढता त्याला झापायची, "अरे, नाही म्हणाली ना ती? कान आहेत की नुसता गळाच?" भाची खो खो हसायची. हल्ली मात्र हसत नव्हती. कोपऱ्यावर तिच्यासाठीही एक मोटारसायकलवाला उभा राहू लागला होता.

"नको म्हटलं तरी रोज येतो गं मावशी. एवढं कोण कुणासाठी थांबतं?"

"बसही थांबते. पण हात धरून आत ओढत नाही."

भाचीनं बाही खाली ओढून घेतली. मनगटावरचं निळं मावशीनं आधीच पाहिलं होतं. तरी तिनं उपदेश केला नाही. आपण एकोणिसाव्या वर्षी कुणाचं ऐकलं होतं, ते तिला पक्कं आठवत होतं. महिनाअखेर तो घरी येऊन विचारणार होता आणि पोरगी होकाराच्या उंबऱ्यावर उभी. मावशीचा जीव वर-खाली होत होता. त्याच नादात तीस वर्षांत झाली नव्हती अशी चूक झाली.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी शिवतात; एका जुडीला फर्मा म्हणतात. एकाच मापाच्या, एकाच छपाईच्या दोन कादंबऱ्या एकदम उसवल्या होत्या. मावशीनं एकीचा शेवटचा फर्मा दुसरीला शिवला, दुसरीचा पहिलीला.

पंधरवड्यानं शेजारची शिवणवाली पुस्तक नाचवत आली. "काय गं हे मावशी? पावणेदोनशे पानं रडणारी बाई शेवटी नाव बदलते, त्याला दार दाखवते आणि स्वतःचं दुकान थाटते! नावाचं सोड, पण हिला एकदम अक्कल कुठून आली?"

ग्रंथपालांचा चष्मा कपाळावर चढला. "आणि दुसऱ्या पुस्तकाचं काय?"

दुसरं तिघी जणी वाचून परत करून गेल्या होत्या. दुकानाची स्वप्नं बघणारी त्यात एकाएकी भलत्याच नावानं भलत्याच्याच मिठीत पडली होती. तक्रार एकीचीही नव्हती.

"तसल्या शेवटाची सवयच असते आम्हाला," शिवणवाली म्हणाली. "नावं कोण बघतंय!"

"आजच्या आज नीट करा," म्हणून ग्रंथपाल गेले. मावशीनं दोन्ही पुस्तकं भाचीपुढे सरकवली. "तूच उसव. माझे डोळे आज काम देत नाहीत." डोळे ठणठणीत होते.

भाची दोरा कापत होती, पानं वाचत होती. मध्येच उठून तिनं रेडिओ बंद केला.

"मावशी, ह्या रडणारीचं त्यानं बाविसाव्या पानावर मनगट पिरगळलं. दोन दिवस ठणकत होतं, असं लिहिलंय."

"हं."

"आणि हा खरा शेवट. ती त्याच्या मिठीत. मनगटाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही."

"विसरले असतील."

"कोण? लिहिणारा, की ती?"

मावशीनं सुई खाली ठेवली. "मीसुद्धा. हे पुस्तक मी चारदा शिवलंय बाई. चारही वेळा शेवटाला रडले. मनगट मलाही आठवलं नाही."

भाचीनं खरा शेवट जागच्या जागी शिवला, टाके घट्ट घातले. मग हात धुतले आणि बाही कोपरापर्यंत दुमडली.

"मी येऊ का गं कोपऱ्यापर्यंत?" मावशीनं विचारलं.

"नको. तू फक्त दारात उभी राहा."

कोपऱ्यावर मोबाइलवर गाणं लावून तो वाटच बघत होता. "आज तोंड का फुगलंय? राग शोभतो हं तुला!"

"रागावले नाही. हे बघ, हे तू केलंयस." तिनं मनगट पुढे धरलं. "मला तू नको आहेस. घरी येऊ नकोस, इथंही थांबू नकोस."

"आधी सगळ्या असंच म्हणतात."

"म्हणत असतील. मी नंतरही हेच म्हणणार."

तो हसून इकडेतिकडे बघायला लागला. वाचनालयाच्या दारात मावशी होती. शेजारच्या दारात कात्री घेऊन शिवणवाली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं गाणं बंद केलं आणि गाडीला किक मारली. पुढे दोन दिवस तो रस्त्याच्या पलीकडून घुटमळला. नंतर दिसला नाही.

महिनाअखेर आली आणि गेली. रेडिओ पुन्हा सुरू झाला, कारण चाल गोड असते आणि तिचा काही दोष नाही, असं मावशीचं मत. मावशी गुणगुणते, तिसऱ्या कडव्याला थांबते. तिथं भाची त्याच चालीवर "नाही, नाही" घालते, आणि ते ठेक्यात अगदी चपखल बसतं.