दुपारी दोन ते पाच

माझी मोठी बहीण मला कुठलीही वेळ सांगते ती दीड तास वजा करून. मी दुबईला आले त्या पहिल्याच वर्षी तिने भाच्याच्या मुंजीचा मुहूर्त कळवला होता. मी आकडेमोड उलटी केली आणि आशीर्वादाचा फोन लावला तेव्हा तिकडे पंगती उठत होत्या. तेव्हापासून ताईने हे काम स्वतःकडे घेतलं. ती 'साडेसातला फोन कर' म्हणाली की ते इथले साडेसात. एकोणीस वर्षांत यात एकदाही गोंधळ झाला नाही, आणि झाला तो या वर्षी, पालिकेच्या निवडणुकीत.

वसईजवळच्या ज्या उपनगरात आम्ही वाढलो तिथेच ताई राहते आणि गेली वीस वर्षं एका पक्षाचं काम करते. पक्षाचं नाव लिहीत नाही. तुम्हाला जो आठवेल तो घाला, फारसा फरक पडणार नाही. रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करायचं असो, मृत्यूचा दाखला अडलेला असो, नळाला तीन दिवस पाणी नसो, माणसं ताईच्या दारात येतात. मतदानाच्या दिवशी बूथबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या देत बसायचं कामही तिचंच. उमेदवारी मात्र दरवेळी कुणाच्या तरी बायकोला, नाहीतर भावजयीला. ताईला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, आणि मी ते दर फोनवर बोलून दाखवायचे.

यंदा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला आणि पक्षाने जाहीर केलं की या वेळी उमेदवार सभासद ठरवतील. तीन नावं, फोनवर एक लिंक, सभासद क्रमांक टाकायचा, ओटीपी आला की मत द्यायचं. जिला जास्त मतं तिला उमेदवारी. ताई अर्ज करायलाच तयार नव्हती. 'मला कोण देतंय,' म्हणाली. मी आठवडाभर तिच्या मागे लागले. वरचे देत नव्हते, आता माणसं देणार आहेत, एवढं एकच वाक्य मी वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत होते. शेवटी तिने अर्ज भरला. तिला उभं केलं ते मी, हे इथेच कबूल करते.

बाकीच्या दोघींपैकी एक कुणाच्या खिजगणतीत नव्हती. दुसरी म्हणजे एका माजी नगरसेवकाची सून. सासरे महिन्यापूर्वीच अख्ख्या कुटुंबासकट हार घालून पक्षात आलेले. ताई तीन आठवडे घरोघर फिरली. मतं मागायला कमी, फोन शिकवायला जास्त. ओटीपी म्हणजे काय, तो कुठे येतो, कुठे टाकायचा. चाळीतल्या एका आजींना तिने तीनदा शिकवलं, कारण त्या ओटीपी आला की लगेच पुसून टाकायच्या, नातवाने कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं.

आमच्या वॉर्डातले माझ्यासकट सात सभासद इथे अमिरातीत आहेत. कॉलेजात असताना घेतलेलं सभासदत्व, नंबर तिकडचे, आणि ते सिम केवळ बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलेलं. माझी नोकरी एका बांधकाम सल्लागार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलरची. कुठलं ड्रॉइंग कधी आलं, कुणी सही केली, कुठली आवृत्ती बाद झाली, हे बघत बसणं हेच माझं काम. त्यामुळे सातही मतं मी माझ्याकडे घेतली. ज्याने त्याने आपापल्या घरी बसून मत दिलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मी सर्वांना ओळखून आहे. 'नंतर करतो' म्हणतील आणि मॉलमध्ये जातील. म्हणून रविवारी सगळ्यांना सिलिकॉन ओएसिसला आमच्या घरी बोलावलं. इथे राजकारणाच्या सभा भरवायच्या नसतात, तेव्हा आम्ही जमलो ते फक्त जेवायला.

ताईचा मेसेज आला होता, 'रविवारी दुपारी दोन ते पाच.' ताईने सांगितलेली वेळ, म्हणजे आपलीच. मी तशीच सगळ्यांना पाठवली.

सगळ्यात आधी आले ते पार पूर्व किनाऱ्यावरून, खोर फक्कानचे अंकल. बंदरावर नोकरी करतात, आमच्या वॉर्डात चर्चच्या मागे त्यांचं घर. पावणेदोनला सोफ्यावर बसून त्यांनी फोन काढला. 'अगं, माझी लिंक तर ओपन झाली. करून टाकू?'

'थांबा हो अंकल,' मी म्हणाले. 'दोन वाजू देत. सगळे आले की एकदम करू.'

दोनला उघडणारी लिंक पावणेदोनला कशी उघडते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. ऑफिसात पडला असता. घरी मी मसालेभातात गुंतले होते.

अबुधाबीहून येणारं अल रीमचं जोडपं अडीचला पोचलं. बाकीचे तिघं त्याआधी आले होते. जोडप्यातला नवरा म्हणाला, 'यल्ला, चला, आधी जेवून घेऊ, पाचपर्यंत टाइम आहे.' मलाही तेच वाटत होतं. सावकाश जेवलो. ताई निवडून आली तर नळाचं काय होईल यावर बोललो, अंकलनी दुसऱ्यांदा अळूवड्या घेतल्या. पावणेचारला मी सातही फोन टेबलावर मांडले. मुलीला जवळ बसवलं होतं, कुणाचं अडलं तर बघायला.

'आई, इट सेज पोलिंग क्लोज्ड,' ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. मग स्वतः बघितलं. सातही फोनवर तेच. तिकडे सव्वापाच वाजले होते. ताईने या एकाच वेळी पक्षाच्या कार्यालयातली वेळ जशीच्या तशी उतरवली होती, आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने मी विचारलं नव्हतं.

'खलास,' अंकल म्हणाले. कुणी मला दोष दिला नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज बसलेला, पण खुशीत होती. आजींचं मत पडलं होतं. 'तुमचं झालं ना सगळ्यांचं?' तिने विचारलं.

'झालं,' मी म्हणाले. 'सातही.'

सात मतांनी काय होणार आहे, असं मी मनाशी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या शहराध्यक्षांनी ताईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, फार थोडक्यात गेलं, सहा मतांनी. लेखी निकाल कुठेच लावला नाही. ताईने मागितला तर म्हणाले, 'अंतर्गत बाब आहे, ताई. तुमचं काम आम्ही विसरणार नाही.'

ताई मला म्हणाली, 'सहा म्हणजे काहीच नाही गं. त्या सासऱ्यांच्या हाराचंच वजन तेवढं भरेल.' हसत होती. मी हसू शकले नाही. त्यानंतरचे नऊ दिवस मी ऑफिसात बसून एकच वजाबाकी करत होते. सातातून सहा. तिला उभं करणारी मी, पाडणारी मी, वर खोटं बोलणारीही मी. माझा नवरा म्हणाला, 'सांगून टाक.' मी म्हणाले, 'पालिकेच्या मतदानाला तिकडे जाणारच आहे, तेव्हा समोर बसून सांगते.' रजा आधीच मंजूर होती.

उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं सगळ्यांना बघता यावीत म्हणून निवडणुकीच्या साइटवर टाकतात. दहाव्या दिवशी डबा खाताना मी त्या सुनेचं उघडलं. तिच्याकडे किती सोनं आहे हे बघायला, दुसरं काही नाही. पण कागद दिसला की माझी नजर आधी तारखेवर जाते. प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केलं होतं गुरुवारी. त्याच फाइलमध्ये पुढे पक्षाचा फॉर्म होता, हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा. त्यावर शहराध्यक्षांची सही, खाली तारीख. तोच गुरुवार.

आमचं मतदान त्यानंतरच्या रविवारी होतं.

मी तारीख तीनदा वाचली. पहिली गोष्ट मनात आली ती सांगायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं झालं. आपल्या हातून काही गेलं नाही, एवढंच कळलं. राग नंतर आला, आणि आला तो चांगलाच आला. पण आधी मी हलकी झाले आणि त्याच हलकेपणात जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

सगळं एका दमात सांगितलं. आमची मतं पडलीच नव्हती, मी खोटं बोलले, वेळेचा घोळ कसा झाला, आणि त्याने काहीच बिघडलं नाही, कारण हे बघ, हा गुरुवार. 'ताई, आपल्यामुळे नाही गेलं,' मी म्हणाले. 'ते सहा मतांचं वगैरे सगळं बनावट होतं.'

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ताईने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

'फॉर्मवर सही त्यांचीच आहे?' तिने विचारलं.

'त्यांचीच.'

'मग त्या आजींना मी तीनदा कशाला शिकवलं?'

ती स्वतःच पुढे म्हणाली, 'रोज बाजारात कोणी ना कोणी भेटतं. म्हणतं, ताई, माझं मत तुम्हालाच होतं. मी हिशोब लावायचे, एवढे झाले, एवढे झाले, फक्त सहा कमी पडले. पुढच्या वेळी सहा जमवू म्हणायचे. हरले होते ते बरं होतं गं. मी तर उभीच नव्हते.'

मी माझं ओझं उतरवलं होतं ते कुणाच्या डोक्यावर, हे मला तेव्हा कळलं. मी सॉरी म्हणाले. 'तू कशाला,' ती म्हणाली.

मग तिने विचारलं, 'त्या दिवशी जेवायला काय केलं होतंस?'

मी सांगितलं. मसालेभात, अळूवड्या, टोमॅटोचं सार.

'मग बरं केलंत,' ताई म्हणाली. 'गरम असताना जेवून घेतलंत.'