साडेचार तास आयर्लंडची

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात माझी मुलगी साडेचार तास आयर्लंडची होती. एरवी ती बेळगावजवळच्या येळ्ळूरची आहे. विमान तिनं पाहिलंय ते गच्चीवरून, सांबऱ्याच्या विमानतळाकडे उतरताना. तरीही निपाणीच्या मंगल कार्यालयात पाहुण्यांनी तिला परदेशी मानलं आणि आधीच्या नऊ वर्षांत मिळाला नव्हता तेवढा मान तिला त्या दुपारी मिळाला. खोटं मी बोलले होते, तेव्हा ते सांगायचा हक्कही माझाच.

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. घरातल्या सगळ्या चपला ती लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायची आणि त्यातली एखादी कुणी पायात घालून बाहेर गेलं की तासभर रडायची. हाक मारली तर बघायची नाही. आमच्या गावाला निदानासाठी डॉक्टर लागत नाही. एकीनं सांगितलं, मोबाईलनं बिघडली. दुसरी म्हणाली, आई नोकरीला जाते, मग पोर बोलणार कुणाशी? तिसरीनं जिभेला वेखंड लावलं. चौथीनं पोपटानं उष्टावलेला पेरू खायला घाला म्हणून सांगितलं. येळ्ळुरात पेरू मिळाला, पोपटही दिसला, पण त्या दोघांची गाठ काही पडेना.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, तेव्हा मला तरी कळायला हवं होतं. माझ्या वर्गात अशी मुलं येऊन गेली असणारच. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि प्रगतिपुस्तकात 'लक्ष नाही' असा शेरा दिला. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे शेरा फार सुंदर दिसायचा.

ऑटिझम हा शब्द आमच्या घरात फोनवरून आला. माझ्या थोरल्या नणंदबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, आयर्लंडमध्ये राहतात. त्यांची मुलगी माझ्या मुलीपेक्षा वर्षानं मोठी. एकदा व्हिडिओ कॉलवर मागं चपलांची ओळ बघून आक्का म्हणाल्या, "अगं, आमची ही पण अगदी असंच करायची. हिला तपासून घे."

बेळगावात तपासायला नेलं. तपासणारी मुलगी गोड होती, पण तिला कन्नड आणि इंग्रजी येत होतं आणि आमच्या घरात मराठी. तिनं चित्रं मांडली आणि हसून विचारलं, "नायि एल्लिदे?" म्हणजे कन्नडात, कुत्रं कुठं आहे? माझ्या मुलीनं त्यातलं 'नाय' तेवढं ऐकलं. आमच्याकडं नाय म्हणजे नाही. तिनं आज्ञाधारकपणे कुत्र्याचं चित्र बाजूला सारलं. अहवालात लिहिलं गेलं की मुलीला ओळखीचे प्राणी कळत नाहीत. मी हे नवऱ्याला सांगितलं, तर सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात पुढं असणारा माझा नवरा म्हणाला, "बघ, तरी मी म्हणत होतो." जणू मुलगी मोर्चाला गेली होती. शेवटी मराठी येणारी दुसरी बाई सापडली, तपासणी पुन्हा झाली आणि वर्षभराच्या खेपांनंतर ऑटिझमचा दाखला हातात पडला. दाखला कन्नडात होता. तो नवऱ्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आप्पांच्या मुलाचं लग्न ठरलं. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे, भावकीतले सगळ्यात वडीलधारे. नवरी निपाणीची, घर तालेवार. लग्नासाठी आक्का लेकीला घेऊन आल्या. बॅगेतून काय काय निघालं! कानांवर लावायचे दोन मोठे हेडफोन, 'मला थोडी मदत लागते' असं इंग्रजीत लिहिलेलं गळ्यात अडकवायचं कार्ड, दिवसभरात काय होणार ते दाखवणारी चित्रं. आक्का सांगायच्या आणि मी कीर्तनाला बसल्यासारखी ऐकायची. तिकडं म्हणे काही दुकानांत आठवड्यातून एक तास अशा मुलांसाठी संगीत बंद ठेवतात आणि दिवे मंद करतात. आमच्याकडंही दिवे मंद होतात, पण ते व्होल्टेज उतरल्यावर. तिकडं शाळेची टॅक्सी दारात येते. इथं शाळेनं पहिल्याच आठवड्यात मला बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही आमच्याच क्षेत्रातल्या, तुम्हाला समजावून काय सांगायचं." आणि मग मुलीला दुसरीकडं घालणंच कसं बरं, ते समजावून सांगितलं होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी आप्पा घरी आले. चहा घेतला, मिशीवरून हात फिरवला.

"सूनबाई, एक बोलायचं हुतं. राग मानू नगंस. निपाणीचं पाव्हणं लई मोठं हाईत. तुझ्या पोरीला त्या दिशी शेजारी ठेव. गर्दी, बँड... तिला तरास हुईल."

तिला त्रास होईल! नऊ वर्षांत आप्पांना तिच्या त्रासाची आठवण पहिल्यांदाच झाली होती.

त्याच वेळी पडवीत आक्कांची लेक कानांना हेडफोन लावून, दोन्ही हात पाखरासारखे फडफडवत स्वतःभोवती गोल गोल फिरत होती. मी विचारलं, "आणि हिला?"

"हिला न्हाई आणायची म्हंजे? आयर्लंडवरनं आलीया ती! तिकडची पोरं अशीच असत्यात. मोकळी."

माझ्या मुलीनं असंच हात फडफडवले की आप्पा त्याला येड म्हणायचे. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो पायाचा अंगठा बघत होता. मोर्चात त्याचा आवाज पार चौकापर्यंत जातो, पण चुलत्यासमोर त्याला एक मराठी वाक्य जमेना.

आप्पा गेल्यावर आक्का भडकल्या. "मग मी पण येत नाही लग्नाला. माझ्या भाचीला नको म्हणतात?"

"नको आक्का," मी म्हटलं, "आपण सगळे जाऊ. फक्त हिला आयर्लंडची करू."

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या घाबरल्या. "अगं, तिकडं एकाचं कार्ड दुसऱ्याला दिलेलं चालत नाही."

"इकडं काय काय चालतं ते विसरलात तुम्ही," मी म्हटलं.

लग्नाच्या सकाळी आक्कांनी माझ्या मुलीला त्यांच्या लेकीचा निळा फ्रॉक घातला, दुसरा हेडफोन दिला, कार्ड अडकवलं. मग तिला समोर बसवून चित्रं काढली: गाडी, मोठी खोली, खूप माणसं, जेवण, परत घर. आज काय होणार आहे ते दिवस सुरू होण्याआधी तिला कुणीतरी सांगतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिनं ती चित्रं तीन वेळा उलटसुलट पाहिली आणि गपचूप गाडीत जाऊन बसली. एरवी गाडीत बसवायला आम्हाला अर्धा तास लागायचा. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्याऐवजी स्वतःचाच राग आला. पोपट शोधत हिंडण्यापेक्षा चार चित्रं काढायला मला कुणी अडवलं होतं?

कार्यालयाच्या दारात अत्तर लावणाऱ्या नवरीकडच्या बायकांनी विचारलं, "ह्या दोघी कुणाच्या?"

"आक्कांच्या," मी म्हटलं. "आयर्लंडला असतात."

झालं. त्या एका वाक्यानं जे झालं, ते वर्षभराच्या खेपांनी झालं नव्हतं. माझी मुलगी कुणाकडं बघत नव्हती, तर "कशी लाजती बघा, किती वळण हाय!" ती बोलत नव्हती, तर "मराठी येत नसंल बिचारीला." ती पहिल्या रांगेतल्या खुर्च्या सरळ ओळीत लावायला लागली, तर एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, शिस्त बघ तिकडची." आइस्क्रीम दोघींना सगळ्यात आधी मिळालं. नवरीच्या काकांनी स्वतः जाऊन डीजेवाल्याला दम भरला, "फॉरेनची पोरं हाईत रं, आवाज कमी कर!" आणि त्यानं केला. गणपतीत याच गोष्टीसाठी मी दरवर्षी मंडळाच्या पोरांसमोर हात जोडते.

आप्पांनी तिला पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पण ते काही बोलणार तोच नवरीच्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "आप्पा, तुमच्या घरात दोन-दोन फॉरेनच्या नाती! कधी बोलला न्हाईसा!"

आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "व्हय... व्हय." मग दोघी नातींना दोन बाजूंना घेऊन त्यांनी फोटोही काढून घेतला.

या सगळ्यात एक म्हातारी बाई माझ्या शेजारी येऊन बसली होती. बोरगावच्या एका जैन व्यापारी घरातली, नवरीकडची ओळखीची. तिनं कौतुक केलं नाही, फोटोही मागितला नाही. बराच वेळ माझ्या मुलीकडं बघून तिनं एवढंच विचारलं, "हे कानाला लावलंय ते कशाला?"

"मोठा आवाज सोसत नाही तिला."

"अस्सं," ती म्हणाली आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

जेवणाची पंगत बसली. हेडफोन काढून माझ्या मुलीनं मसालेभात पोटभर खाल्ला. ती खूश झाली की बेळगाव ते निपाणी बसचे थांबे म्हणते, तेही थेट कंडक्टरच्या आवाजात. हे तिनं बोलायला शिकलेलं पहिलं मोठं वाक्य. त्या दिवशी ती फारच खूश असावी. भरल्या पंगतीत खणखणीत आवाज आला, "काकती, होनगा, हत्तरगी, संकेश्वर! निपाणी लास्ट! चिल्लर काढा, चिल्लर!"

पंगत थांबली. समोरची बाई हातातली जिलेबी तशीच धरून म्हणाली, "आयर्लंडात संकेश्वर हाय?"

आक्कांना हसू आवरेना. मी म्हटलं, "माझी आहे. येळ्ळूरची."

बातमी पंगतीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. जिनं वळणाचं कौतुक केलं होतं तीच शेजारणीला म्हणाली, "तरी मला वाटलंच, जरा येगळीच हाय." आप्पा लांबून माझ्याकडं असे बघत होते की मी वाढप्याकडं मीठ मागितलं, काहीतरी करायचं म्हणून. दहा मिनिटांत डीजेचा आवाज पुन्हा चढला. परक्या देशाचं नागरिकत्व इतक्या झटपट काढून घेतलेलं मी तरी दुसरीकडं ऐकलेलं नाही.

दोघी मुलींना घेऊन आम्ही कार्यालयाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मी म्हटलं, "आक्का, तुमच्याकडं असं नसतं ना?"

"तिकडं मला तोंडावर कुणी 'हिला आणू नका' म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बोलावतच नाहीत. मागच्या वाढदिवसाला मी सगळ्या वर्गाला निमंत्रण पाठवलं. सगळ्यांनी उत्तरं पाठवली, इतकी नम्र. जमणार नाही, वाईट वाटतं. एक मुलगी आली. खालच्या शेजाऱ्यांनी हिच्या उड्या मारण्याबद्दल पत्र टाकलं, इतकं सभ्य पत्र की मला भांडताच येईना."

"आप्पा निदान चहा पिऊन बोलले," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि मग रडल्या. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला होता. इतकी वर्षं इथल्या प्रत्येक अपमानानंतर मी मनातल्या मनात आयर्लंडला जाऊन राहत होते, आणि आता तिथंही जागा उरली नव्हती.

आक्का परत गेल्या. त्यानंतर आठवडाभरानं आमच्या दारात एक गाडी थांबली. बोरगावची ती म्हातारी उतरली, कडेवर चार वर्षांची नात. मुलगा आणि सून गाडीतच बसून राहिले, काचा वर करून.

ती पडवीत टेकली आणि म्हणाली, "बाई, लग्नात तुमी खोटं बोलला म्हणून मी तुमच्याजवळ बसून राहिले. आधीच खरं बोलला असता तर उठून दुसरीकडं गेले असते. आमच्याबी घरात हाय अशी, लोकांना कळंल म्हणून. घरी कोण आलं की हिला आतल्या खोलीत ठेवतोय."

नात माझ्याकडं बघत नव्हती. ती दाराच्या कडीशी खेळत होती, वर, खाली, वर, खाली. मी चहा टाकला आणि आम्ही काय काय केलं ते सगळं सांगितलं, पोपटासकट. पुढच्या सोमवारी शाळेतून रजा काढून मी त्यांच्याबरोबर बेळगावला गेले.

आप्पा सुधारले नाहीत. एवढंच की गेल्या वर्षी नातवाच्या बारशाला "पोरीलाबी आण" असं स्वतः फोन करून म्हणाले आणि पंगतीत तिची जागा भिंतीकडं, गर्दीपासून लांब ठेवली. लपवायला की तिच्या सोयीसाठी, हे मी विचारलं नाही. तिला ती जागा आवडली.

बोरगावची गाडी आता महिन्यातून दोनदा येते. दोघी मुली एकमेकींशी खेळत नाहीत, पाठीला पाठ लावून पडवीत बसतात, आणि ते दोघींना पुरतं असं दिसतं. म्हातारी मला तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगते, मी तिला शाळेची. परवा ती सून पहिल्यांदा गाडीतून उतरून आत आली. चहा घेतला. साखर कमी पडली म्हणाली.