पिंजाऱ्याच्या घरातली तीन नावं

सन एकावन्न. मी एकवीस वर्षांचा होतो, दोन बुकं शिकलेला. देशात पहिलं मतदान व्हायचं होतं. पटवारी नावं लिहायला आला तेव्हा आमच्या गल्लीची नावं मीच सांगितली, कारण मला सगळी तोंडपाठ होती. शेजारच्या पिंजाऱ्याचं, त्याच्या बायकोचं आणि म्हाताऱ्या आईचंही सांगितलं. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत मुसलमान माणसं मारली जात होती, म्हणून ते तिघं घर टाकून पळाले होते. त्याला तीन वर्षं झाली होती, पण 'गेले' हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

पुढं पटवाऱ्यानं चावडीवर यादी वाचली. पिंजाऱ्याचं नाव घेऊन त्यानं विचारलं, "हाय का?" कुणी बोललं नाही. मग बायकोचं नाव, मग आईचं. दर नावाला चावडी गप्प.

"ही नावं कुणी दिली?"

"मी दिली. येतील ते."

मागून एकजण हसला. "कावून येतील बे? त्यांच्या घरात तर तू बैलं बांधलीस. आले तर निजतील कुठं, गव्हाणीत?"

सगळी चावडी हसली. मी मान खाली घातली नाही. पटवाऱ्यानं तिन्ही नावांवर रेघ मारली. आज नव्वदी उलटली, तरी त्या नावांमागची शांतता माझ्या कानातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बैलं सोडून आमच्या अंगणात बांधली, शेण काढून त्यांचं घर सारवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली.